कावळा कुणाला शिवला? मुलांना काय, कधी सांगायचं याची दोन घरांची तुलना

गेल्या भादव्यातली गोष्ट. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या दारात, आरतीला सगळी गल्ली जमलेली असताना, समोर दोन कुत्री एकमेकांना चिकटून उभी. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. "काय करतायत?" त्याचे बाबा टाळ वाजवता वाजवता म्हणाले, "भांडतायत." शेजारी जावेच्या सात वर्षांच्या मुलानेही तेच विचारलं. ती म्हणाली, "त्यांना पिल्लं व्हायची आहेत." "किती?" "चार-पाच." तो प्रसादाच्या ताटाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी माझा मुलगा काठी घेऊन भांडण सोडवायला गेला. चावा थोडक्यात चुकला.

तेव्हापासून आमच्या घरात वाद चालू आहे. आमची रीत "वेळ आली की सांगू", जावेची "विचारलं की सांगायचं". तुमच्याही घरात हाच प्रश्न असेल तर एक सांगते: दोन्हीपैकी एक रीत निवडून सगळे विषय तिच्यात बसवायला जाऊ नका. काही ठिकाणी आमची वाट पाहण्याची रीत सपशेल हरली, पण एकदा जाऊ तोंडावर आपटली.

जन्माचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. मूल विचारतं तेव्हा त्याला एका वाक्याचं उत्तर हवं असतं, आणि आपण घाबरतो ते पुढच्या दहा वाक्यांना. "आईच्या पोटात एक पिशवी असते, तिच्यात बाळ वाढतं" एवढं चार-पाच वर्षांच्या मुलाला पुरतं. "आत गेलं कसं?" हा प्रश्न बहुधा नंतर, कधीकधी दोन वर्षांनी येतो, आणि तेव्हा त्याचंही एक वाक्य द्यावं. सासूबाईंचं "देवबाप्पाने दिलं" काही वाईट नाही, पण ते फार दिवस टिकत नाही. इथे जावेची रीत सरस, पण आमच्या रीतीनेही फारसं बिघडत नाही.

स्पर्शाची गोष्ट वेगळी आहे. ती विचारायची वाट पाहून चालत नाही, कारण मूल ती विचारतच नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगेही होते. करणारा बहुतेक वेळा ओळखीतला असतो. पुढे २०१२ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा आला. तो अठराच्या आतल्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे, आणि गुन्हा माहीत असून न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालतो. पण हे सगळं मूल काही बोललं तरच कामाला येतं, आणि बोलायला त्याच्याकडे शब्द लागतात.

शब्दांची बडोद्यात खरी पंचाईत आहे. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. शिवाय प्रत्येक घराचा एक लाडाचा शब्द असतो. आमच्याकडे मुलाच्या त्या अवयवाला "चिऊ" म्हणत. आता समजा, तो उद्या वर्गात बाईंना म्हणाला की कुणीतरी माझ्या चिऊला हात लावला, तर गुजराती बाई खिडकीबाहेर चिमणी शोधतील. पुस्तकातला "शिश्न" तोंडात बसत नाही, हे मला मान्य आहे. आम्ही "शूची जागा" ठरवलं. ते तिन्ही भाषांतल्या माणसांना उमगतं. ती जागा कोण बघू शकतं, डॉक्टर बघताना जवळ कोण हवं, आणि "कुणाला सांगू नकोस" असं जो म्हणेल त्याचं नाव आधी आईला येऊन सांगायचं, हे आंघोळ घालताना तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बोलता येतं. वेगळी सभा भरवायची गरज नाही.

आणि इथेच बाटली आडवी येते. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी. मुंबईचे एक नातेवाईक आले. बॅगेत पैठणीत गुंडाळलेली बाटली. माझ्या मुलीने पैठणी बघायला म्हणून उलगडली. ते म्हणाले, "बाळा, कुणाला सांगायचं नाही हं, आपलं गुपित." ज्या वाक्याला घाबरायचं असं मी तिला चार वर्षं शिकवत होते, नेमकं तेच वाक्य. दारू म्हणजे काय हे आठ वर्षांच्या मुलीला सांगायला माझी काहीच हरकत नाही. पण मोठ्यांचं गुपित तिच्या डोक्यावर द्यायला आहे. मी नातेवाइकांना म्हटलं, "काका, ती उद्या सगळ्या सोसायटीत सांगेल, आणि तिने सांगावं असंच मला वाटतं." काका रागावले. ती बाटली परत मुंबईला गेली, असं निदान मला सांगण्यात आलं.

मृत्यूची तुलना सगळ्यात अवघड, कारण तिथे वेळ आपण ठरवतच नाही. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले, तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. "आजोबा झोपलेत" म्हणू नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण मूल मग झोपायला घाबरतं. आम्ही म्हटलं "देवाघरी गेले". पाच-सहाच्या आतल्या मुलांना मरण परतीचं वाटतं. गेलेलं माणूस परत येत नाही, हे साधारण सातव्या वर्षाच्या आसपास नीट उमगतं. तिने विचारलं, "गणपतीला येतील ना?" तेव्हा मात्र सरळ सांगायला हवं होतं: आजोबांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत. आम्ही गप्प बसलो. दहाव्याला चांदोदला नर्मदेकाठी गेलो. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला. शेवटी शिवला, तशा सासूबाई म्हणाल्या, "आले गं, शिवले."

तीन महिन्यांनी संकष्टीच्या आरतीला काकू बाहेरच्या खोलीत बसली. "काकू आत का नाही येत?" सासूबाई नेहमीसारखं म्हणाल्या, "तिला कावळा शिवलाय." मुलगी त्या रात्री रडली. सकाळी कारण कळलं: आजोबा काकूला भेटून गेले, मला का नाही?

दोन टाळाटाळी एकत्र झाल्या की काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं.

म्हणून पाळीचा विषय मी आठवं लागताच काढला. मुलींच्या शरीरात बदल आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान सुरू होतात. पाळी बहुधा बारा-तेराला येते, पण नऊ-दहाला आलेल्या मुलीही आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात. "आली की सांगू" म्हणणाऱ्या आईची मुलगी शाळेच्या बाथरूममध्ये एकटी घाबरते. शाळेवर सोडायचं म्हटलं, तर शाळेचा धडा येईपर्यंत सातवी-आठवी उजाडते, आणि २००७ च्या सुमारास महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशासकट काही राज्यांनी लैंगिक शिक्षण शाळांतून बाहेरच काढलं होतं. शाळेने शिकवलं तर छानच, पण तिच्या भरवशावर बसू नये. आमचं बोलणं रावपुऱ्यातल्या मेडिकलवाल्यामुळे सुरू झालं. त्याने पॅकेट वर्तमानपत्रात गुंडाळून वर काळी पिशवी घातली. मुलगी म्हणाली, "आई, ही पण बाटलीच का?" मी रस्त्यातच पिशवी काढली. घरी पॅकेट फोडून दाखवलं, कपात पाणी ओतून ते किती शोषतं ते बघितलं. दहा मिनिटांत झालं. तिचा मोठा प्रश्न होता, "दुखतं का?"

आता जाऊ कुठे चुकली ते. गेल्या वर्षी तिच्या वडिलांची बायॉप्सी झाली. रिपोर्ट यायला आठवडा होता. मुलाने विचारलं, तिने रीतीप्रमाणे सगळं सांगितलं, कॅन्सर असू शकतो हेही. पोरगा रात्री उठून आजोबांना फोन लावायला सांगायचा, आईच्या पोटावर हात ठेवून श्वास चालू आहे का बघायचा. रिपोर्ट चांगला आला, त्याची झोप रुळावर यायला दोन महिने लागले. जे मोठ्यांनाच ठरलेलं नाही, ते मुलाला अर्धवट सांगू नये, असं आता तीही म्हणते. "आजोबांना बरं नाही, तपासण्या चालल्यात, कळलं की तुला सांगेन" एवढं पुरे होतं. नवरा-बायकोत वेगळं व्हायचं चाललं असेल तर तेच: ठरल्यावर, दोघांनी मिळून सांगावं. बातम्यांतल्या अत्याचाराचे तपशील तर मुलांसमोर नकोतच. त्यासाठी टीव्ही बंद करणं हा पळपुटेपणा नाही.

तर माझा कौल असा. स्पर्शाचं न विचारता आणि आजच. पाळीचं न विचारता, आठव्याला. जन्माचं विचारलं की. मरणाचं घडेल त्या दिवशी, सरळ शब्दांत. आणि अनिश्चित गोष्टी ठरल्यानंतर. सासूबाईंना हे पटलं असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही.

यंदा गौरी जेवणाच्या दिवशी काकू पुन्हा बाहेरच्या खोलीत. बाहेर का बसायचं हा आमचा दुसरा वाद, तो अजून मिटायचाय. माझा मुलगा, आता पाच वर्षांचा, तिच्याशी सापशिडी खेळत होता. स्वयंपाकघरात येऊन आजीला म्हणाला, "काकू आत का येत नाही?" सासूबाईंनी तोंड उघडलं, माझ्या मुलीकडे पाहिलं, पुरण ढवळायचं थांबवलं आणि म्हणाल्या, "तिला पाळी आलीय."

त्याने हातातला फासा बघितला. "पण आत्ता तर माझी होती ना?"