काचेच्या पेटीचा मागचा कोपरा: क्रिता, प्रोक्रिएट, इंकस्केप की ब्लेंडर?

भाचीने दिवाळीत पेन टॅबलेट घेतला. आठ दिवसांत फोन. "मावशी, लाकडी खोका काढला तर बरोबर दिसतो, काचेचा काढला की कललेला दिसतो. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

लाकडी खोक्याचे सात कोपरे दिसतात, आठवा मागे लपतो. बारापैकी नऊ कडा दिसतात. न दिसणाऱ्या तीन कडांमध्ये आपल्या चुका जाऊन बसतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. काच आली की लपायला जागाच उरत नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळवलेली मुलंही इथे अडतात, कारण परीक्षेत कळशीची मागची बाजू कोणी विचारत नाही.

याची फी माझी भरून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी एका मंडळासाठी अ‍ॅक्रिलिकच्या मखराचं चित्र केलं होतं. मागचा उजवा खांब खाली एका जागी टेकत होता आणि वर छताला बोटभर बाजूला लागत होता. स्क्रीनवर मला ते दिसलंच नाही. सुताराने प्रिंट हातात घेतली, जरा लांब धरली आणि विचारलं, "ताई, हा खांब तिरका ठेवायचाय का?"

तेव्हा भाचीसाठी त्याच तीन वस्तू सगळ्या पद्धतींनी काढून पाहिल्या: ते मखर, अमृततुल्यमधला चहाचा ग्लास आणि अर्धी भरलेली माशांची टाकी.

आधी नुसत्या लेयरवर

ही पद्धत फुकट आहे आणि कुठल्याही अ‍ॅपमध्ये चालते. क्षितिजरेषा आखायची, तिच्यावर दोन लोपबिंदू, म्हणजे मागे जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात ते व्हॅनिशिंग पॉइंट, ठेवायचे आणि मागच्या कडा समोरच्या कडांइतक्याच ठामपणे, स्वतंत्र लेयरवर (चित्राच्या वेगळ्या पारदर्शक थरावर) वेगळ्या रंगात काढायच्या. यात एक तपासणी आपसूक मिळते. छताच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या बिंदूकडे आणि उजव्या कोपऱ्यातून डाव्या बिंदूकडे रेषा न्या. त्या जिथे छेदतात तो छताचा मागचा कोपरा. तेच जमिनीवर करा. आता हे दोन छेदबिंदू एकाखाली एक, अगदी ओळंब्यात यायला हवेत. नाही आले तर आधीची कुठलीतरी रेषा चुकली आहे. माझ्या मखरात नेमकं हेच झालं होतं. मी खांब अंदाजाने सरळ केला असता तर चूक छताच्या कडेत सरकली असती, एवढंच.

मात्र बिंदू खूप लांब असले की त्या दोन रेषा फार निमुळत्या कोनात छेदतात. समोरच्या कोपऱ्यात एका पिक्सेलची चूक झाली तर मागचा कोपरा सात-आठ पिक्सेल सरकतो. हाताची पद्धत दमवते ती इथे.

म्हणून बिंदू जवळ आणावेत, तर पेटी जहाजाच्या नाळेसारखी (पुढच्या टोकासारखी) पुढे येते. याला एक सोपं गणित आहे. क्षितिजावर नजरेचा मध्य धरा. तिथून डावा बिंदू 1000 पिक्सेलवर आणि उजवा 4000 वर असेल, तर त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, म्हणजे 2000 पिक्सेल, हे डोळ्याचं चित्रापासूनचं अंतर. डोळ्याला साधारण 60 अंशांचा शंकू सुखाचा वाटतो. त्यामुळे मध्यापासून सुमारे 1150 पिक्सेलच्या वर्तुळात जे मावेल ते नैसर्गिक दिसेल, त्याबाहेर ताणलेलं. अपारदर्शक वस्तूत हा ताण थोडा खपून जातो. काचेत समोरची आणि मागची चौकट एकमेकींवर पडतात, त्यामुळे तुलना डोळ्यांसमोरच असते.

असिस्टंट आणि गाईड

क्रिता फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतं. त्यात असिस्टंट टूलने दोन व्हॅनिशिंग पॉइंट ठेवायचे, हवं तर कॅनव्हासच्या बाहेरही, आणि ब्रशच्या पर्यायांत असिस्टंटला स्नॅप करायची (रेषा त्याला चिकटवायची) खूण चालू करायची. ही खूण चालू करायला विसरून "क्रिता काहीच करत नाही" म्हणणारे मला दोन तरी भेटलेत. प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर चालतं. पैसे एकदाच द्यायचे, वर्गणी नाही. ड्रॉइंग गाईडमध्ये तीनपर्यंत बिंदू ठेवता येतात आणि ज्या लेयरवर असिस्ट चालू कराल तिथेच रेषा आपोआप बिंदूकडे वळतात. क्लिप स्टुडिओचा पर्स्पेक्टिव्ह रूलर कॉमिक्स करणाऱ्यांचा लाडका आहे आणि आहेही चांगला. पण नुसत्या काचेच्या पेट्यांसाठी तो विकत घ्या असं मी कोणाला सांगणार नाही.

या तिघांबद्दलचा एक गैरसमज मात्र नीट समजून घ्यायला हवा. गाईड रेषेला दिशा देतो, लांबी देत नाही. मखराची बाजू मागे किती जाते, तीन सारख्या कमानींपैकी दुसरी कुठे संपते, हे त्याला माहीत नसतं. सगळ्या रेषा बिनचूक बिंदूकडे जात असूनही मखर आगगाडीच्या डब्यासारखं लांब होऊ शकतं. तिथे कर्णच कामी येतात. पहिल्या कमानीच्या दूरच्या खांबाचा मध्य काढायचा, जवळच्या खांबाच्या वरच्या टोकापासून त्या मध्यातून रेषा न्यायची. ती जमिनीच्या रेषेला जिथे भेटते तिथे पुढचा खांब, म्हणजे दुसऱ्या कमानीचा शेवट. पारदर्शक पेटीत हे समोरच्या बाजूला एकदा करून मागच्या बाजूवर नेता येतं आणि दोन्ही जुळले की खात्री पटते.

ग्लासात क्रिता सरळ पुढे गेलं. त्यात लंबवर्तुळाचा असिस्टंट आहे: दोन बिंदूंनी लांबी, तिसऱ्याने जाडी. प्रोक्रिएटमध्ये गोल काढून पेन दाबून धरलं की स्वच्छ लंबवर्तुळ होतं, पण ते पर्स्पेक्टिव्हला धरून आहे की नाही हे आपणच बघायचं.

आणि ग्लासाची खरी चूक कुठल्याच अ‍ॅपची नसते. बहुतेक जण वरची कड काढतात, तिची कॉपी करतात, लहान करतात आणि तळाला चिकटवतात. समजा वरची कड 400 पिक्सेल रुंद आणि 100 उंच आहे. कॉपी लहान केली की तळ 280 बाय 70 येतो, तेवढाच चपटा. पण टेबलावरच्या ग्लासाचा तळ नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असतो, म्हणून तो जास्त उघडा, जास्त गोल दिसायला हवा. 280 रुंदीला उंची शंभरच्या वर. चपटा तळ ठेवला की ग्लास टेबलावर बसत नाही, तरंगतो. चहाची पातळी हे या दोघांमधलं तिसरं लंबवर्तुळ, तेही मधल्याच जाडीचं. अमृततुल्यच्या बाकावर ग्लास समोर ठेवून पाच मिनिटं बघा, चहा निवायच्या आत पटेल.

इंकस्केप: ज्याला कोणी विचारत नाही

हेही फुकट. यातलं थ्रीडी बॉक्सचं टूल बहुतेकांनी उघडलेलंच नसतं. एक पेटी ओढायची, की तिचे सहाही पृष्ठभाग तयार होतात, मागचे तीन धरून. कंट्रोल दाबून एकेका पृष्ठभागावर क्लिक केलं की त्याला वेगळा रंग आणि वेगळी पारदर्शकता देता येते. व्हॅनिशिंग पॉइंट हाताने ओढला की त्याच्याशी जोडलेल्या सगळ्या पेट्या एकत्र वळतात. मखर मला इथे सगळ्यात लवकर मिळालं, आणि मागचा खांब ओळंब्यात!

पारदर्शकतेचा हिशोबही इथे दिसतो: 20 टक्के गडद असे दोन पृष्ठभाग एकावर एक आले की 40 नाही, 36 टक्के होतात. पण गोल काही मागाल तर हे टूल हात वर करतं. ग्लास बाद, टाकीची फक्त चौकट.

ब्लेंडर

हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर. फुकट, आणि पर्स्पेक्टिव्हच्या बाबतीत वादच नाही. दिशा, लांबी, तळाची गोलाई, सगळं तंतोतंत. ऑल्ट आणि झेड दाबलं की आरपार दिसतं, कॅमेऱ्यातून चित्र घ्यायचं आणि वर आपली रेषा काढायची. फक्त कॅमेऱ्याची लेन्स बघा. मूळ सेटिंग 50 मिलिमीटर असतं, म्हणजे साधारण 40 अंशांचा आडवा आवाका, आणि ते बरंच आहे. हौसेने 18 केलं की 90 अंश होतात आणि मखराचे कोपरे फाकतात. खांब उभे समांतर हवे असतील तर कॅमेरा खाली झुकवू नका. तो आडवाच ठेवून कॅमेऱ्याच्या 'शिफ्ट' या सेटिंगने चित्र वरखाली सरकवा.

त्रास शिकण्याचा आहे. पहिले दोन आठवडे पेटी फिरवण्यातच जातात. सिलिंडर मुळात 32 बाजूंचा असतो, त्यामुळे ग्लासावर उभ्या रेषांचं जंगल दिसतं, आणि नवखा माणूस त्यातल्या दहा-बारा इमानदारीने गिरवतो. गिरवलेलं चित्र निर्जीव दिसतं ही तक्रारही खरी आहे, पण तो दोष गिरवणाऱ्याचा.

फोटो गिरवायचं म्हणत असाल तर फोनची मुख्य लेन्स सहसा रुंद कोनाची असते. वीतभर अंतरावरून काढलेल्या ग्लासाच्या फोटोत सगळं फुगतं. चार पावलं मागे जा आणि झूम करा.

टाकीचं काय?

इथे सगळे गाईड हरतात. समोरून पाहिलं तर टाकीच्या मागच्या उभ्या कडेचा पाण्यावरचा भाग एका जागी दिसतो आणि पाण्यातला भाग बाजूला सरकतो. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, त्यामुळे मागची भिंत खऱ्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांशावर आल्यासारखी, म्हणून मोठी दिसते. कड पाण्याच्या रेषेवर तुटते. रूलरने काढलेली सलग सरळ कड भूमितीने बरोबर आणि डोळ्याला कोरडी. ब्लेंडरमधलं सायकल्स, म्हणजे प्रकाशाचा हिशोब करून चित्र तयार करणारं इंजिन, हे स्वतः मोजून दाखवतं. हाताने करणाऱ्याने आधी सलग कड काढावी आणि मग पाण्याखालचा भाग वेगळ्या लेयरवर बाहेर सरकवावा. काचेची जाडीही विसरू नका. प्रत्येक कड दुहेरी असते, आणि साध्या काचेची कड त्यातल्या लोहामुळे हिरवट दिसते. अ‍ॅक्रिलिकची तशी दिसत नाही. राजा केळकर संग्रहालयात गेलात तर एकदा वस्तूंऐवजी काचेच्या कपाटांकडेच बघा.

तर निवड कोणी काय करावी? पेट्या, पॅकिंग, स्टॉल, मखर असं काम असेल तर इंकस्केप शिका, एका संध्याकाळचं काम आहे. बाटल्या, ग्लास, बरण्या आणि हाताची रेषा हवी असेल तर क्रिता. आयपॅड घरात असेलच तर प्रोक्रिएट, पण त्यासाठी आयपॅड घेऊ नका. एकच वस्तू दहा बाजूंनी दाखवायची असेल किंवा पाणी-काच एकत्र असेल तर ब्लेंडरला पर्याय नाही. आणि यातलं काहीही निवडलंत तरी पहिल्या वीस पेट्या नुसत्या लेयरवर, ओळंब्याच्या तपासणीसह.

भाचीने क्रिता घेतलं. चौदाव्या पेटीवर आहे. परवा मधेच ग्लास काढून पाठवला, तळ चांगला गोल होता. चहाची पातळी मात्र वरच्या कडेपेक्षा चपटी होती. तेवढंच लिहून परत पाठवलं.