आत पाच माणसं, मागे बंद ट्रेलर: कुटुंबाच्या गाड्यांची वजनासकट पारख

'साडेतीन टन ओढते' हा जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. फक्त तो ज्या गाडीचा असतो ती जवळजवळ रिकामी असते. अमेरिकेत बहुतेक कंपन्या एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२८०७ या मानकाप्रमाणे ओढण्याची क्षमता ठरवतात. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, तोही उन्हात आणि एसी पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांची ही कसून परीक्षा आहे, शंका नाही. पण गाडीत धरलेली माणसं दोन, प्रत्येकी ६८ किलोची. मागच्या सीटवरची तीन मुलं, डिकीतल्या बॅगा, कुत्रा यांतलं काहीच त्या हिशेबात नाही. म्हणून कुटुंबासाठी गाडी घेताना ओढण्याचा आकडा आम्ही शेवटी बघतो. पहिला बघायचा तो पेलोड, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन घेते तो.

कारण ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, तो गाडीवर बसतोही. त्याचं नाक हिचच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीच्या, बॉलवर टेकतं आणि तिथलं वजन, म्हणजे टंग वेट, थेट पेलोडमधून वजा होतं. सात फूट रुंद, चौदा फूट लांब, दोन ॲक्सलची पेटी, म्हणजे बंद ट्रेलर, घ्या. रिकामी साधारण ९५० किलो. आत १५०० किलो माल भरला की २४५० झाली. अमेरिकी पद्धतीत नाकावर १० ते १५ टक्के वजन ठेवतात. १२ टक्के धरले तरी २९४ किलो. दोन मोठी माणसं १५०, तीन मुलं १३५, बॅगा आणि कूलर ७०, वजन वाटून देणारा हिच ४०. बेरीज ६८९ किलो, आणि यात छतावरचा कॅरिअरही धरलेला नाही. आता शोरूममध्ये ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावरचा स्टिकर वाचा. सात सीटच्या कित्येक गाड्यांचा पेलोड इथेच संपतो, ट्रेलर ओढायची ताकद मात्र अजून हजार किलोंची शिल्लक असते!

हा स्टिकर त्या एका गाडीचा असतो, मॉडेलचा नव्हे. काचेचं छत, चामड्याच्या इलेक्ट्रिक सीट, बावीस इंची चाकं, आपोआप बाहेर येणारी पायरी, यातलं प्रत्येक काही ना काही पेलोड खातं. सगळ्यात महागडं व्हेरिअंट बहुधा सगळ्यात कमी वजन घेतं. वेबसाइटवरचा आकडा सगळ्यात हलक्या व्हेरिअंटचा असतो, हे विक्रेता आपण होऊन सांगणार नाही.

दुसरी गोष्ट पेटीच्या तोंडाची. उघड्या ट्रेलरवर दोन टन विटा आणि बंद ट्रेलरमध्ये दोन टन सामान, काट्यावर दोन्ही सारखेच. रस्त्यावर मात्र नाहीत. पेटीचं तोंड २.१ मीटर रुंद आणि २ मीटर उंच, म्हणजे चार चौरस मीटरहून जास्त. त्यातला जो भाग गाडीच्या छपरावर आणि दोन्ही अंगांना उरतो, तो सरळ वारा खातो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० वरून १०० वर गेलात तर विरोध ५६ टक्के वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते. म्हणूनच काही मॅन्युअलमध्ये वजनाच्या मर्यादेशिवाय ट्रेलरच्या तोंडाच्या क्षेत्रफळाची मर्यादा वेगळी दिलेली असते. ते पान कोणी वाचत नाही. पेटी मग वजनात बसते, पण सपाट रस्त्यावरही गिअरबॉक्स वरच्या गिअरला टिकत नाही, सारखा वर-खाली करतो आणि तापतो. टोकदार नाकाच्या पेटीने थोडा फरक पडतो, पण फार आशा ठेवू नका. पेटीची उंची सहा इंचांनी कमी घेतलेली बरी.

आता गाड्या.

शेव्हरोले सबर्बन हे या कामाचं जुनं उत्तर आहे आणि आमच्या मते अजूनही बरोबर आहे. ओढण्याची क्षमता जास्तीत जास्त ३७६५ किलोंच्या आसपास, म्हणजे भावंड टाहोपेक्षा किंचित कमीच. तरी सबर्बन घ्यावी, ती व्हीलबेससाठी: ३४०७ मिलिमीटर, टाहोचा ३०७१. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त असलं की ट्रेलरने दिलेला हिसका स्टिअरिंगपर्यंत कमी पोचतो, आणि बाजूने मोठा ट्रक गेला की गाडी कमी डुलते. शिवाय तिसरी रांग उघडी ठेवूनही मागे सुमारे ११७५ लिटर जागा उरते, टाहोत ७२२. सामान डिकीत मावलं की छतावर चढत नाही.

फोर्ड एक्स्पिडिशनचा २०२४ पर्यंतच्या मॉडेलचा ४२१८ किलोंचा आकडा हेवी-ड्यूटी टोइंग पॅकेज असलेल्या, फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा आहे. पॅकेज नसेल तर तो बराच खाली येतो. आणि हे पॅकेज म्हणजे नुसता हिच नव्हे. त्यात मोठा रेडिएटर येतो, तो नंतर गॅरेजमध्ये जोडून घेणं परवडत नाही. जुनी गाडी घेताना 'हिच आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. मॅक्स हे लांब व्हेरिअंट (व्हीलबेस ३३४३) पेटीसाठी जास्त चांगलं. ३.५ लिटरचं टर्बो इंजिन चढावर दम टाकत नाही, पेट्रोल मात्र मोजून घेतं.

टोयोटा सिक्वोया कागदावर या यादीत सगळ्यांच्या पुढे आहे: ४३१८ किलो, हायब्रिड, ४३७ हॉर्सपॉवर. खेचायला खरोखर दणकट. पण हायब्रिडची बॅटरी तिसऱ्या रांगेखाली बसवली आहे, त्यामुळे त्या सीट दुमडल्या तरी सपाट तळ मिळत नाही आणि डिकीची उंची जाते. पेटीतच सगळं सामान टाकणाऱ्याला हे चालेल. मुलांची ढकलगाडी आणि बॅगा डिकीत ठेवायच्या असतील तर आधी त्या घेऊनच शोरूमला जा.

टोयोटा लँड क्रूझर ३०० चा ऑस्ट्रेलियातला हिशेब वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो आणि तो शिकण्यासारखा आहे. गाडीचं भरलेलं कमाल वजन ३२८० किलो, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल ६७५० किलो, ब्रेकवाल्या ट्रेलरची मर्यादा ३५०० किलो. वजाबाकी करा: ६७५० वजा ३२८० म्हणजे ३४७०. गाडी पूर्ण भरली तर साडेतीन टनांत तीस किलो कमी पडतात. हे फार नाही, इतर अनेक गाड्यांत ही तूट काही शे किलोंची असते. खरी अडचण पेलोडची. सात सीटच्या वरच्या व्हेरिअंटमध्ये तो साडेसहाशेच्या घरात येतो. वर काढलेल्या ६८९ च्या बेरजेतून हिचचे ४० वगळले तरी काठावरच. त्यावर पुढे लोखंडी बुलबार लावलात की हिशेब फसलाच. चार जणांच्या कुटुंबाला मात्र याहून निश्चिंत डिझेल मिळणं कठीण. ७०० न्यूटन मीटरचा टॉर्क कमी फेऱ्यांवरच येतो, आणि ११० लिटरची टाकी आहे.

निस्सान पेट्रोल (वाय-६२) मध्ये ही वजाबाकी चक्क जुळते: ३५०० अधिक ३५०० बरोबर ७०००. ५.६ लिटरचा व्ही-८, आत जागा ऐसपैस. मागचे स्प्रिंग मऊ आहेत, नाकाचं वजन पडलं की गाडी मागे बसते. टाकी १४० लिटरची आहे आणि ट्रेलर लावला की ती तेवढी का दिली ते लगेच कळतं.

किआ टेल्युराइड, होंडा पायलट, टोयोटा हायलँडर या वर्गात अमेरिकेत २२६८ किलोंच्या आसपास आकडा मिळतो, तोही सगळ्या व्हेरिअंटना नाही. पायलट फक्त पुढच्या चाकांवर चालणारी घेतली तर १५८८, हायलँडर हायब्रिड घेतली तरी १५८८. या गाड्यांना एका ॲक्सलची, सहा बाय बारा फुटांची पेटी शोभते. रिकामी साडेपाचशे-सहाशे किलो, भरून १३५६ पर्यंत. दोन ॲक्सलची पेटी यांच्या मागे लावणं म्हणजे रोज परीक्षा.

मिनीव्हॅनला लोक उगाच नाकं मुरडतात. सिएना आणि ओडिसी दोन्ही १५८८ किलो ओढतात, दारं सरकती, तळ खाली. दहा फुटांची हलकी पेटी आणि सपाट रस्ते असतील तर घ्यायला हरकत नाही. एक मात्र समजून घ्या: नाकाचं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे पडतं, त्यामुळे तरफेसारखी पुढची चाकं हलकी होतात. ज्या गाडीत हीच चाकं गाडी ओढतात, वळतात आणि बरंचसं ब्रेकिंगही करतात, तिथे ओल्या चढावर चाक जागेवर फिरणार. सिएनाची चारही चाकांवरची आवृत्ती इथे बरी.

इलेक्ट्रिकमध्ये रिव्हिअन आर१एस सात सीट आणि ३४९३ किलो देते, टेस्ला मॉडेल एक्स २२६८. ताकदीचा प्रश्नच नाही. उंच पेटी लावली की रेंज निम्म्यावर येते, हे धरूनच चाला. त्यात बहुतेक चार्जिंगच्या जागा अशा असतात की ट्रेलर सोडल्याशिवाय केबल पोचत नाही. मुलं गाडीत झोपलेली असताना पेटी सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा. दिवसात एकदा ठीक, तीनदा नाही.

ट्रेलर झोल का खातो

बैलगाडीत मागे वजन जास्त झालं की जू वर उचललं जातं. त्याला 'उलाळ' म्हणतात. बंद ट्रेलरचं दुखणं तेच, फक्त वेग ताशी नव्वदचा. मागच्या दाराने माल भरताना जड वस्तू दाराशीच राहतात, नाक हलकं होतं, आणि उतारावर पेटी डावी-उजवी डोलायला लागते. साधारण ६० टक्के वजन ॲक्सलच्या पुढे, जड वस्तू खाली आणि सगळं बांधलेलं हवं. डोलायला लागलीच तर ब्रेक दाबू नका, वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हलके लावा.

नाकाचं वजन घरच्या बाथरूमच्या काट्यावर मोजता येतं. काटा दोन-अडीचशे किलो पेलणार नाही, म्हणून तरफ वापरायची. एक मजबूत फळी घ्या. एका टोकाखाली वीट आणि तिच्यावर पाइपाचा तुकडा, दुसऱ्या टोकाखाली काटा आणि त्यावर तसाच पाइप. दोन पाइपांतलं अंतर ९० सेंटिमीटर ठेवा. फळीमुळे काटा जे दाखवेल ते लिहून ठेवा. आता चाकांखाली दगडाची उटी लावून ट्रेलरचं नाक विटेच्या बाजूच्या पाइपापासून ३० सेंटिमीटरवर फळीवर टेकवा. काट्यावर नाकाचं एक तृतीयांश वजन येतं. आलेल्या आकड्यातून फळीचा आकडा वजा करा आणि तीनने गुणा. काटा ९४ आला, फळीचे ४ गेले, उरले ९०, म्हणजे नाक २७० किलो. मोजताना ट्रेलर सपाट हवा, नाक वर किंवा खाली झुकलं की आकडा चुकतो.

वजन वाटून देणारा हिच लावला की मागून बसलेली गाडी सावरते आणि पुढच्या चाकांवरचं गेलेलं वजन काही प्रमाणात परत येतं. किती आलं ते पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजून कळतं. ट्रेलरशिवाय ८८० मिलिमीटर, नुसता टेकवल्यावर ९०४, तर हिच ताणल्यावर ८९२ च्या आसपास यावी, म्हणजे निम्मी उचल परत. काही मॅन्युअल यापेक्षा जास्त मागतात आणि काही कंपन्या हा हिच लावूच नका म्हणतात. गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच करा. या हिचने पेलोड मात्र वाढत नाही, दुकानदार काहीही सांगो.

बॉलचा आकारही बघा: ५० मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंच, म्हणजे ५०.८ चा कपलर (ट्रेलरच्या नाकाची वाटी), हे वरवर बसतात. खड्ड्यावर मात्र निसटू शकतात.

जुनी गाडी बघायला जाताना एक टेस्टर सोबत न्या. सात पिनांचं सॉकेट उघडा. आत हिरवट बुरशी असेल तर ट्रेलरच्या ब्रेकची तार केव्हाही दगा देईल. चार पिनांचं सॉकेट असेल तर त्यातून फक्त दिवे चालतात, ब्रेक आणि बॅटरी चार्जिंगची तार नवी ओढावी लागेल. गिअरबॉक्सचं तेल काळपट, जळका वास येणारं असेल तर आधीच्या मालकाने बहुधा पेटी ओढली आहे आणि कूलरशिवाय ओढली आहे. हिचच्या बोल्टभोवती चेसिसचा रंग तडकलाय का ते टॉर्च लावून बघा. रंग तडकला असेल, तर गाडी चालवून बघायचीही गरज नाही.