काटोल रोडवरचं नसलेलं घर

ऑनलाइन बुकिंगच्या फसवणुकीत एकूण गेले 20,400 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल तो शेवटी तेवढंच विचारतो आणि ऐकून म्हणतो, "बरं, थोडक्यात सुटलात." मी लेखा विभागात नोकरीला आहे. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची प्रवासभत्त्याची बिलं तपासतोय. पावतीवर तारीख नाही म्हणून लोकांच्या फायली परत धाडल्या आहेत. त्यामुळे थोडक्यात सुटलो असं मला तरी वाटत नाही.

फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. बायकोचं माहेर नरखेड तालुक्यातलं. वडिलांची संत्र्याची बाग होती. पाणी खोल गेलं, विहिरीला काही उरलं नाही, झाडांना डिंक्या लागला आणि शेवटी वावर विकलं. त्या पट्ट्यातल्या माणसाला ही गोष्ट नवीन नाही. पण जानेवारी सरत आला, आंबिया बहर फुलायचे दिवस आले, की ही अजून मानेवाड्याच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी राहून म्हणते, "आता बागेत वास सुटला असेल." हे मी किमान वीस वर्षं ऐकतोय. म्हणून ठरवलं की यंदा दोन रात्री बागेतच काढायच्या, आणि हिला आधी काही सांगायचं नाही. गाडीत बसवायचं आणि थेट झाडाखाली उतरवायचं.

शोधताना एका सोशल मीडियाच्या पानावर ते घर दिसलं. कौलारू, पुढे पडवी, पडवीत झोपाळा, लाल दगडाची ठेंगणी भिंत, खोलीत पितळी समया, बिछान्यावर शेवंतीच्या पाकळ्या. 'काटोल रोड, नागपूरहून दीड तास. फक्त जोडप्यांसाठी दोन खोल्या. सकाळी तर्री पोहे, रात्री चुलीवरचा पाटवडी रस्सा. बाराही महिने संत्र्यांनी लदलेली झाडं.' नकाशावरही ठिकाण सापडलं. पंचतारे दिलेले तीसचाळीस अभिप्राय होते. ते सगळे एकाच पंधरवड्यातले होते हे मी नंतर पाहिलं. नकाशावर कुणीही घरबसल्या नवं ठिकाण टाकू शकतो, हेही नंतरच कळलं. तोवर मला वाटायचं, नकाशात आहे म्हणजे जमिनीवर असणारच.

फोन उचलणारा मुलगा अतिशय नम्र. "सर, मॅडमना गुलाबाची ॲलर्जी वगैरे नाही ना?" असं विचारणारा. एवढं तर मीही हिला कधी विचारलं नव्हतं. आजी-आजोबांनी बांधलेलं घर आहे, आता आम्ही नातवंडं चालवतो, म्हणाला. प्रोफाइलवर पडवीत बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो. मराठी स्वच्छ होती, आणि खरं तर तिथेच मला खटकायला हवं होतं. काटोलचा पोरगा दहा दिवस बोलतो आणि एकदाही आमच्याकडचं 'करून राहिलो' म्हणत नाही?

भाडं रात्रीचे 4,800, दोन रात्रींचे 9,600. निम्मे आगाऊ. मी 4,800 पाठवले. यूपीआयवर नाव आलं ते एका बाईचं, घराचं नाही. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडम." लगेच पावती आली, वर संत्र्याचं चिन्ह, खाली जीएसटी क्रमांक. आता ऐका. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. या पावतीवरचा 29 ने सुरू होत होता, म्हणजे कर्नाटक. शिवाय त्यात 18 टक्के कर धरला होता. साडेसात हजारांखालच्या खोलीला अठरा टक्के लागतच नाहीत. हे मला पाठ आहे. ऑफिसात अशी पावती कुणी लावली असती तर मी लाल शाईने गोल काढला असता. पण ही पावती मी रात्री अकरा वाजता बाथरूमच्या दिव्यात पाहिली, कारण बाहेर बायको जागी होती. पाहिली, हसलो आणि पुसून टाकली.

हो, पुसून टाकली. रोज रात्री त्या मुलाशी झालेलं बोलणं मी पुसत होतो. हिच्या हातात माझा फोन गेला तर गंमत जाईल म्हणून.

जायचा दिवस शुक्रवार. काटोल नाका सोडला, फेटरी मागे पडलं आणि त्याचा फोन आला. गाडी चालवताना मी फोन घेत नाही, पण हिने हातात घेऊन "कोण आहे हो हा?" म्हटल्यावर गाडी बाजूला लावावीच लागली. एक चहाची टपरी होती. मी उतरून टपरीच्या मागे गेलो. पुढची पंचवीस मिनिटं मी तिथे, एका रिकाम्या सिलिंडरजवळ, बायकोकडे पाठ करून उभा होतो.

तो म्हणाला, सर, चेक-इनआधी 3,000 रुपये डिपॉझिट राहिलं आहे, निघताना परत मिळतं. पाठवले. मग म्हणाला, "सर, थोडा प्रॉब्लेम झाला. रक्कम तुकड्यांत आल्यामुळे सिस्टीमने दोन्ही पेमेंट अडकवली आहेत. एकरकमी 12,600 टाका, भाडं आणि डिपॉझिट मिळून. आधीचे 7,800 दहा मिनिटांत आपोआप परत येतील. एक वाजेच्या आत नाही झालं तर रूम सुटेल, मागे एक कपल वेटिंगवर आहे." घड्याळात बारा पन्नास. गाडीत बायको काच खाली करून हाक मारतेय, "अहो, काय झालं? ऑफिसचं आहे का?" मी हात हलवून 'हो' म्हटलं आणि पिन टाकला.

सहकारी विचारतात, इतक्या वर्षांचा हिशेबनीस तू, तुकड्यांत आलेले पैसे अडकतात हे तुला पटलं कसं? पटलं नव्हतं. पण पटलं नाही म्हणायला समोर कुणी लागतं. एरवी मी भाजीचे पैसेसुद्धा हिला विचारून देतो. त्या दिवशी नेमकं तिलाच विचारता येत नव्हतं, आणि हे त्या पोराला पक्कं ठाऊक होतं. कारण पहिल्याच दिवशी मीच त्याला सांगितलं होतं, 'मिसेसना कळू द्यायचं नाही.' तेव्हा तो म्हणाला होता, "वा सर! मग सगळं फक्त आपल्या दोघांत."

नकाशाने आम्हाला मुख्य रस्ता सोडून आत नेलं आणि एका लोखंडी फाटकासमोर 'आपण पोहोचला आहात' म्हणाला. आत संत्र्याची बाग होती. फुललेलीही होती. घर मात्र नव्हतं, पत्र्याची एक खोली आणि तिच्यासमोर फवारणीचा पंप. साठीचे एक गृहस्थ बाहेर आले. आम्ही काही बोलायच्या आत म्हणाले, "होटेलवाले काय जी? तुमी तिसरे. दिवाळीपासून ही तिसरी गाडी. इथी कायचं होटेल? हे माहं वावर आहे."

मी काय बोललो ते आठवत नाही. बायको हसत होती, तिला वाटलं हाही गमतीचाच भाग आहे. तेवढ्यात फोन वाजला. तोच. "सर, रिफंड तयार आहे. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, 7,800 जमा होतील." मी स्कॅन केला. पडद्यावर 7,800 आणि खाली 'पैसे द्या'. तिथे माझं डोकं ठिकाणावर आलं, फार उशिरा. जमा आणि नावे यात मी आयुष्य घातलं आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो फक्त द्यायला. हे वाक्य आपल्या आईवडिलांना आजच सांगा, हवं तर फोनच्या मागे चिकटवून द्या.

मग सगळं हिला सांगितलं, त्या काकांच्या बाजेवर बसून. तिने फोन मागितला, त्या पानावरचे फोटो पाहिले. अर्धं मिनिट लागलं असेल. "अहो, हा जांभा दगड आहे. काटोलात जांभा कुठून आला? आणि हे मागे बघा, ही पोफळ आहे. हे घर कोकणातलं आहे." मग वरचा मजकूर वाचून म्हणाली, "बाराही महिने संत्री! माझ्या बाबांना अशी बाग मिळाली असती तर विकली असती का?" काळ्या मातीत, काळ्या दगडाच्या मुलखात ते लाल घर मी दहा रात्री डोळे भरून पाहत होतो. तिला एकदा दाखवलं असतं तर 20,400 वाचले असते.

पुढचं मुद्दाम तपशिलात लिहितो, कारण तेव्हा आमच्यातलं कुणालाच नीट माहीत नव्हतं. 1930 हा सायबर आर्थिक फसवणुकीचा क्रमांक आहे. फोन बराच वेळ लागला नाही, चौथ्यांदा लागला. ते विचारतात ते हाताशी ठेवा. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, कोणत्या बँकेतून गेले. तक्रार नोंदली की समोरच्या खात्यात जे उरलं असेल ते गोठवायचा प्रयत्न होतो. जितका उशीर तितकं कमी उरतं, कारण हे लोक पैसे मिनिटामिनिटाला पुढच्या खात्यात ढकलतात. तक्रारीचा जो क्रमांक मिळतो त्यावरून पुढे सरकारी सायबर पोर्टलवर सगळा तपशील भरायचा असतो. तिथे पुरावे मागितले आणि माझ्याकडे काय होतं? पुसलेली दहा दिवसांची बोलणी. पावतीही नाही. उरला तो टपरीमागचा कॉल, तीन व्यवहार आणि शेवटचा क्यूआर.

शनिवार गेला बँकेत. तिथल्या साहेबांनी पाणी दिलं आणि सांगितलं की रिझर्व्ह बँकेचा कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही हा नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे. "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो. मीच. सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेतलं 318 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66ड, ही कलमं तिथे मला प्रथम कळली. तिथला हवालदार भला होता. म्हणाला, लाजून अर्धे लोक येतच नाहीत, विशेषतः 'अशा' बुकिंगवाले. 'अशा' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

त्यानेच एक गोष्ट सांगितली जी मला दहा दिवस आधी हवी होती. खेड्यात घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांसाठी राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, शेतावरच्या मुक्कामासाठी 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे, आणि दोन्हींत नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी नसलेला प्रत्येक जण चोर असतो असं नाही, कितीतरी चांगले लोक अजून नोंदणीशिवाय चालवतात. पण प्रमाणपत्राचा फोटो मागायला काय जातं? निदान व्हिडिओ कॉल करून 'जरा बागेत फिरून दाखवा' म्हणायचं. किंवा सरळ सरपंचाला, गावातल्या किराणा दुकानाला फोन. नरखेड-काटोलात आमचे नाही म्हणता डझनभर नातेवाईक आहेत. एक मेहुणा मोटारसायकल काढून अर्ध्या तासात पाहून आला असता. पण मेहुण्याला सांगितलं की बहिणीला कळणारच, म्हणून तेही नाही.

12,600 पैकी 5,100 कुठल्या तरी तिसऱ्या खात्यात गोठले आहेत असं कळलंय. ते सुटायची वाट पाहतोय. बाकीचे गेले.

त्या रात्री आम्ही परत आलो नाही, हेही सांगितलं पाहिजे. काकांच्या घरच्यांनी सोडलंच नाही. झुणका, भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि झोपायला गावातल्या घराची ओसरी. बायको डास आणि वास दोन्हींत शांत झोपली. मी जागा होतो, 20,400 ला पंचवीसने भागत.

परवा काकांचा फोन आला. चौथी गाडी आली म्हणे, वर्ध्याहून, नवीनच लग्न झालेली पोरं. काकांनी त्यांना माझा नंबर दिला. त्यातल्या नवऱ्याने फाटकापाशी उभं राहूनच 1930 लावला. आता काकांनी फाटकाला ऑइल पेंटने रंगवलेला पत्रा लावलाय, 'इथे हॉटेल नाही. पैसे पाठवले असाल तर आधी 1930 लावा, मग चहा प्यायला या.' आणि ते पान पुन्हा दिसलं, नाव बदलून, ठिकाण चिखलदरा. भिंत तीच, जांभ्याची.