क्लीनर रास म्हणून आलेला चावरा मासा

गेल्या पावसाळ्यात माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील यलो टँग या पिवळ्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, तेव्हा एका विक्रेत्याने मला ‘क्लीनर रास’ हा निळसर, तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा असलेला छोटा मासा १,८०० रुपयांना देऊ केला. हा मासा ठिपके खाऊन टाकतो आणि त्याला वेगळे खाद्य लागत नाही, असे त्याने फोनवर ठामपणे सांगितले. पाठवलेला फोटो खऱ्या क्लीनर रासचाच होता. पैसे आगाऊ घेतले गेले आणि मासा रात्री उशिरा काळ्या पिशवीतून आला.

दुसऱ्या दिवशी टँग त्याच्यासमोर पर पसरून स्थिर उभा राहिला. प्रवाळांवर मोठे मासे क्लीनर रासकडून अंगावरचे परजीवी साफ करून घेण्यासाठी असेच थांबतात. नवा मासा जवळ आला आणि टँग झटक्याने वळला, तेव्हा त्याच्या शेपटीच्या कडेचा अर्धगोल लचका निघालेला होता. ते पाहून मला फार वाईट वाटले, कारण त्या मुक्या जिवाने विश्वासाने अंग पुढे केले होते.

भिंगातून पाहिल्यावर उलगडा झाला. क्लीनर रासचे तोंड डोक्याच्या अगदी टोकाला असते, तर याचे तोंड टोकाच्या खाली होते. हा अ‍ॅस्पिडोंटस टेनिएटस. हिंदी आणि प्रशांत महासागरांतील प्रवाळांवर तो क्लीनर रासचा रंग, पट्टा आणि पोहण्याची लकबसुद्धा उचलतो, माशांची अंडी खातो आणि संधी साधून इतरांचे पर कुरतडतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले, तर ‘हमी फक्त मेलेल्या माशाची असते, तुमचा जिवंत आहे,’ असे उत्तर आले. पुढे त्याने फोन उचलणेच बंद केले.

मात्र खरा क्लीनर रास आला असता, तरीही मी फसलोच असतो. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कातडीच्या आत रुतलेला असतो, त्यामुळे क्लीनर रास तो रोग बरा करत नाही. शिवाय ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळ अलेक्झांड्रा ग्रटर यांनी केलेल्या, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार एक क्लीनर रास दिवसाला सरासरी सुमारे १,२०० परजीवी खातो. घरातल्या चार माशांवर इतके परजीवी येणार कुठून? बहुतेक टाक्यांत तो उपाशी राहून खंगतो. तरीही कोणी घेणारच असेल, तर त्याने पैसे देण्याआधी त्याच माशाचा, तोंड बाजूने स्पष्ट दिसेल असा व्हिडिओ मागावा आणि तो समोर गोठवलेली कोळंबी खातो का, हेही पाहावे.