अपटाइम कुमा : साइट बसली की आपलीच लाइन गेली?

मे महिन्यात तारकर्लीतल्या एखाद्या होमस्टेची बुकिंगची साइट दुपारभर बंद राहिली, तर मालकाला ते कळतं एखाद्या चिकाटीच्या पर्यटकाच्या फोनवरून. बाकीचे फोन करत बसत नाहीत, शेजारचं घर बुक करून मोकळे होतात. देवगड-रत्नागिरीतून ऑनलाइन हापूस विकणाऱ्यांचं एप्रिलमध्ये हेच होतं. साइट चालू आहे की नाही हे दर मिनिटाला आपणहून तपासणारं आणि बंद पडल्यावर मोबाइलवर कळवणारं काहीतरी हवंच. त्यासाठी सध्या बरंच बसवलं जाणारं फुकट साधन म्हणजे 'अपटाइम कुमा'. ते चांगलं आहेच. पण किनाऱ्यावर वापरायचं तर दोन-तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर पहिल्याच पावसात खोट्या इशाऱ्यांना वैतागून तुम्ही ते बंद कराल.

कुमा लुई लॅम या प्रोग्रामरने २०२१ साली आणलं. मुक्तस्रोत आहे, एमआयटी परवाना, नोड-जेएसवर चालतं. डॉकरचा (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनाचा) एक कंटेनर, म्हणजे तो डबा, चढवला की ब्राउझरमध्ये पोर्ट ३००१ वर पान उघडतं. यात चार ठिकाणी ठेच लागते. कंटेनरमधला डेटाचा फोल्डर व्हॉल्यूमला, म्हणजे कंटेनरबाहेरच्या कायमच्या जागेला, जोडला नाही, तर पुढच्या अपग्रेडला सगळी नोंद धुऊन जाते. तो फोल्डर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवू नका, एसक्यूलाइटचा डेटाबेस तिथे बिघडतो. पान पहिल्यांदा जो उघडेल तो अ‍ॅडमिनचं खातं बनवतो, म्हणून सुरू केल्याकेल्या लगेच आपलं खातं करून घ्या, 'उद्या बघू' नको. आणि पुढे एनजिनएक्स (विनंत्या घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर) लावणार असाल तर वेबसॉकेटचे, म्हणजे पान आणि कुमा यांच्यातल्या सतत चालू जोडणीचे, अपग्रेड हेडर पुढे पाठवायला विसरू नका. ते नसतील तर पान दिसतं पण जोडणी होत नाही, आणि माणूस पासवर्ड चुकला समजून बसतो.

आता मुख्य प्रश्न : हे बसवायचं कुठे? घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसवणं स्वस्त, आणि कोकणात तिथेच फसगत होते. जून ते सप्टेंबर लाईट दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नाही. कुठे फांदी पडून, कुठे रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटते. घरातला कुमा अशा वेळी मुंबईच्या सर्व्हरवर मजेत चाललेली साइट 'बंद' म्हणून लाल दाखवतो. लाल खरा की खोटा हे संदेशातल्या चुकीवरून ओळखता येतं, आणि हे शिकून घेणं कुमाच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा महत्त्वाचं. 'ईएआय-अगेन' आलं तर नाव शोधणारा डीएनएसच सध्या उत्तर देत नाही, म्हणजे बहुधा आपलीच लाइन. 'ई-नॉट-फाउंड' म्हणजे ते नावच सापडलं नाही : डोमेनची मुदत संपली किंवा पत्ता चुकला. 'ई-कॉन-रिफ्यूज्ड' म्हणजे समोरचं मशीन जिवंत आहे, त्यावरचा वेब सर्व्हर बंद पडलाय. नुसताच टाइमआउट असेल तर मशीन मेलं असेल, फायरवॉल आडवी आली असेल किंवा सर्व्हर कामाखाली दबला असेल. सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक ५०२ किंवा ५०४ आला की पुढचा सर्व्हर ठीक आणि त्याच्या मागचं अ‍ॅप्लिकेशन अडकलेलं. ५०३ बऱ्याचदा जाणूनबुजून दिलेला असतो : 'काम चालू आहे, नंतर या.' आणि एकाच मिनिटात सगळेच मॉनिटर, म्हणजे कुमात नोंदवलेल्या तपासण्या, लाल झाले तर बाकी काही बघू नका, आधी आपला राउटर बघा.

म्हणून कुमा किनाऱ्याबाहेर, मुंबईच्या डेटासेंटरमधल्या १ जीबी रॅमच्या छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा. मात्र ज्या सर्व्हरवर साइट आहे त्याच्यावर नको. दोघं एकदमच बंद पडतील आणि तुम्हाला कोणीच कळवणार नाही.

मॉनिटर बनवताना कुमा स्वतःहून ६० सेकंदांचं अंतर धरतो आणि २०० ते २९९ मधलं कोणतंही उत्तर आलं की हिरवा होतो. ६० सेकंद ठीक. रिट्राय, म्हणजे पुन्हा बघण्याची संख्या, किमान २ ठेवा, म्हणजे एखादी तपासणी चुकली तर तो पिवळा राहून पुन्हा बघतो आणि मगच बोंब मारतो. रिट्राय शून्य ठेवून दर २० सेकंदांनी तपासणारे उत्साही लोक आठवड्यात वैतागतात, शिवाय समोरचा सर्व्हर ४२९, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या', देऊन हाकलतो तो वेगळाच. तपासणी आपल्या साइटची असेल तर ठीक, दुसऱ्याच्या साइटवर पाच मिनिटांच्या खाली जाऊ नये.

पण २००, म्हणजे 'सगळं ठीक', आलं म्हणजे साइट चालू, हा समज सोडा. डोमेनचे पैसे भरायचे राहिले की त्या जागी जाहिरातींचं पान येतं आणि तेही २०० देतं. होस्टिंगवाल्याचं 'खातं स्थगित' हे पानसुद्धा पुष्कळदा २०० देतं. कॅशमधून, म्हणजे साठवलेल्या प्रतीतून, जुनं पान वाढलं जात असेल तर मागचा डेटाबेस सकाळपासून बंद असला तरी कुमा हिरवाच राहणार. यावर उपाय म्हणजे साध्या एचटीटीपीऐवजी 'कीवर्ड' प्रकारचा मॉनिटर. शब्द मात्र विचार करून निवडा. तळटीपेतलं होमस्टेचं नाव घेऊन उपयोग नाही, ते डेटाबेस नसतानाही दिसतं. खोल्यांची यादी डेटाबेसमधून आल्यावरच उमटणारा शब्द घ्या, उदाहरणार्थ एखाद्या खोलीचं नाव. इंग्रजी शब्द असेल तर लहान-मोठी अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत.

साइट स्वतः बनवून घेत असाल तर प्रोग्रामरकडून तपासणीसाठी एक वेगळा पत्ता मागून घ्या. त्या पत्त्यावर डेटाबेसला एक साधी क्वेरी जावी, उत्तर आलं तर २०० आणि नाही आलं तर ५०३ मिळावं, आणि उत्तर कॅश होऊ नये. पेमेंट गेटवेची तपासणी त्यात घालू नका. गेटवे पाच मिनिटं अडखळला म्हणून तुमची खोल्या दाखवणारी साइट 'बंद' ठरायला नको. पिंगवर, म्हणजे मशीन जागं आहे का एवढंच विचारणाऱ्या हाकेवर, तर विसंबूच नका : मशीन पिंगला उत्तर देतं आणि वेब सर्व्हर मेलेला असतो, किंवा उलट, पिंग अडवलेला असतो आणि साइट धावत असते.

आणखी एक बारीक गोष्ट. जिओच्या मोबाइलवर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, सर्रास चालतं. साइट नव्या सर्व्हरवर हलवताना डीएनएसमधली ए-नोंद (आयपीव्ही४ चा पत्ता) बदलली आणि चार ए-वाली (AAAA, आयपीव्ही६ चा पत्ता) तशीच राहिली, तर कुमा आयपीव्ही४ ने बघून हिरवा, आणि जिओवाल्या पर्यटकाला पान उघडत नाही किंवा फार रखडत उघडतं. कुमात डीएनएस प्रकारचा मॉनिटर आहे, तो चार ए-नोंदीवर लावता येतो. साइट हलवल्यावर त्याचं उत्तर एकदा डोळ्यांनी बघा.

आता कुमातला आमच्या मते सर्वांत कामाचा भाग, ज्याकडे फार कोणी बघत नाही : 'पुश' मॉनिटर. यात कुमा कुणाला विचारायला जात नाही. तो एक गुप्त पत्ता देतो, आणि ठरलेल्या वेळात त्या पत्त्यावर कोणी हजेरी लावली नाही की लाल होतो. घरचा राउटर बाहेरून दिसत नसला, स्थिर आयपी नसला तरी चालतं, कारण हाक आतून बाहेर जाते. होमस्टेच्या मागच्या खोलीत आंब्याच्या रसाचा डीप फ्रीझर आहे, किंवा घर बंद करून मंडळी मुंबईला गेलीत, तिथे हे असं लावा : दोन छोटी उपकरणं घ्या, एक इन्व्हर्टरवर आणि एक थेट लाइनीवरच्या सॉकेटवर. राउटर आणि फायबरची पेटी, दोन्ही इन्व्हर्टरवर हवीत. दोन्ही उपकरणं दर मिनिटाला आपापल्या पुश पत्त्यावर हजेरी लावतील. लाइनीवरचं गप्प झालं आणि इन्व्हर्टरवरचं बोलतंय, म्हणजे लाईट गेली, नेट आहे. दोन्ही गप्प, म्हणजे इंटरनेट गेलं किंवा इन्व्हर्टर उतरला. फ्रीझरसाठी नेमकी हीच माहिती हवी असते.

लाइनीवरच्या उपकरणासाठी रास्पबेरी पाय वापरू नका. लाईट झटक्याने ये-जा करते आणि एसडी कार्ड काही महिन्यांत दगावतं. ईएसपी३२ चा (वायफाय असलेल्या स्वस्त चिपचा) बोर्ड आणि जुना मोबाइल चार्जर पुरतो, त्यात बिघडायला फाइल सिस्टीमच लिहिली जात नाही. वायफाय तुटल्यावर पुन्हा जोडायचा कोड मात्र त्यात नीट लिहा, बहुतेक नमुना कोडमध्ये तो नसतो. इन्व्हर्टरवर रास्पबेरी पाय चालेल. त्यावर क्रॉनमधून (ठरल्या वेळी आदेश चालवणारी सोय) दर मिनिटाला 'कर्ल' (पत्त्यावर विनंती पाठवणारा आदेश) चालवा, त्याला दर प्रयत्नाला १० सेकंदांची मर्यादा आणि ३ वेळा पुन्हा प्रयत्न द्या. कुमाकडे पुशचं अंतर ६० न ठेवता ३०० सेकंद करा. किनाऱ्यावरची लाइन मिनिटभर हुकतेच, त्याला बंद म्हणायचं नाही.

ज्यांना कुमा नकोच, नुसती स्क्रिप्ट हवी, त्यांनी कर्लच्या परतीच्या क्रमांकांवर काम भागवावं : ६ म्हणजे नाव सापडलं नाही, ७ जोडणी झाली नाही, २८ वेळ संपला, ६० प्रमाणपत्रात गडबड, आणि अपयश दाखवायचा पर्याय दिला असेल तर २२ म्हणजे ४०० किंवा वरचं उत्तर. पायथनची 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी वापरत असाल तर टाइमआउट स्वतः द्या. दिला नाही तर ती कितीही वेळ वाट बघत बसते, आणि तुमचा पहारेकरीच पहिल्यांदा झोपतो. तपासणी एचटीटीपीएसवरच करा. घरच्या ब्रॉडबँडचा रिचार्ज संपला की काही सेवादार साध्या एचटीटीपीची प्रत्येक विनंती आपल्या 'पैसे भरा' पानाकडे वळवतात, आणि स्क्रिप्टला २०० मिळून जातं.

इशाऱ्यांसाठी कुमात नव्वदच्या वर सेवा जोडलेल्या आहेत. आपल्याकडे टेलिग्राम सोपा : बॉटफादरकडून टोकन घ्या, बॉट एका ग्रुपमध्ये टाका, ग्रुपचा चॅट क्रमांक कुमात भरा. एसएमएसला डीएलटी नोंदणीचं (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याला करावी लागणारी नोंदणी) लचांड आहे, एका होमस्टेसाठी ते परवडत नाही. ग्रुपमध्ये मुंबई-पुण्यातला एखादा चाकरमानी भाचा जरूर घ्या. गावातला टॉवर बंद असताना संदेश तुमच्यापर्यंत पोचणारच नाही, तो तिकडे वाचेल आणि होस्टिंगवाल्याला फोन करेल. सर्व्हरचं टाइमझोन सेटिंग कोलकाता करा. नाहीतर देखभालीची वेळ, म्हणजे ज्या काळात इशारे नकोत ती, साडेपाच तासांनी चुकते.

साइटच्या एचटीटीपीएस प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या २१, १४ आणि ७ दिवस आधी कुमा कळवतो, मॉनिटरमध्ये तेवढी खूण करावी लागते. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि साधारण ३० दिवस उरले की आपोआप नवं होतं. म्हणजे २१ दिवसांचा इशारा आला, तर नूतनीकरण आधीच अडलेलं आहे असं समजा. तो इशारा पुढे ढकलू नका, कारण लेट्स एन्क्रिप्टने स्वतःचे आठवणीचे ईमेल जून २०२५ पासून बंद केलेत.

उणिवा आहेत. तपासणी सहसा एकाच ठिकाणाहून होते, त्यामुळे 'पुण्यातून दिसते, मालवणातून नाही' हे एका कुमाला सहजी कळत नाही. खातं एकच, मदतनिसाला फक्त बघायचा अधिकार देता येत नाही. त्याला सार्वजनिक स्टेटस पान दाखवा, ते छान बनतं. प्रोग्राममधून मॉनिटर तयार करायला अधिकृत एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने बोलायची सोय) नाही. एपीआय की मिळते ती प्रोमिथियस या आकडे गोळा करणाऱ्या साधनाला आकडे देण्यापुरती. दहा-वीस साइटी बघणाऱ्याला याचा त्रास नाही. शंभर ग्राहकांच्या साइटी सांभाळणाऱ्या एजन्सीने दुसरं काही बघावं.

स्वतः सर्व्हर सांभाळायचा नसेल तर अपटाइम रोबोट आहे, पण त्याच्या मोफत योजनेत तपासणी पाच मिनिटांनी एकदा होते, आणि ती योजना वैयक्तिक, बिनव्यावसायिक वापरासाठी आहे. हापूस विकणाऱ्याने पैशांची योजनाच घ्यावी. फक्त पुशचंच काम असेल तर हेल्थचेक्स डॉट आयओ मोफत २० कामांच्या हजेरीवर लक्ष ठेवतं, आणि ते कुमासोबतही वापरावं. कुमात एक साधा एचटीटीपी मॉनिटर बनवून त्याला हेल्थचेक्सचा हजेरीचा पत्ता द्या, अंतर ३०० सेकंद. कुमा चालू आहे तोवर हजेरी लागत राहते. कुमाचा सर्व्हरच बंद पडला की हजेरी थांबते आणि हेल्थचेक्सकडून ईमेल येतो.

जुन्या १ क्रमांकाच्या आवृत्तीवरून २ वर जाताना कंटेनर थांबवून डेटाचा अख्खा फोल्डर कॉपी करा. फक्त मुख्य डेटाबेस फाइल नको, तिच्या शेजारच्या वॉल आणि एसएचएम फाइलीही घ्या. नवी आवृत्ती पहिल्यांदा चढताना जुन्या नोंदी नव्या रचनेत बसवते. नोंदी बऱ्याच असतील तर याला काही मिनिटांपासून काही तासही लागतात, आणि मध्येच कंटेनर बंद केला तर डेटाबेस अर्धवट राहतो. हे काम हापूसच्या आणि मेच्या गर्दीत काढू नका.