दाभोसा धबधबा, जव्हार: पाचपैकी चार, पण जुलैत नाही

पाऊस सुरू झाला की सगळे जुलैतच दाभोशावर धडकतात. तो महिना टाळा. लेंडी नदीची ही सुमारे ३०० फुटांची उडी तेव्हा धुक्यात धड दिसत नाही, कातळ शेवाळाने निसरडा असतो, शिवाय अनेकदा प्रशासनाची बंदी असते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. धारेला जोर असतो आणि वाट सुकत आलेली असते. फेब्रुवारीनंतर धार बारीक.

डोहात उतरू नका. इथे ऊन असलं तरी वरच्या अंगाला सर कोसळली की पाणी चढतं. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला की फोटो राहू द्या, आधी वर या.

मुंबईहून मनोर, विक्रमगड, जव्हार असा रस्ता. पुढे वीसेक किलोमीटर. पेट्रोल आणि रोख पैसे जव्हारलाच घ्या. एसटीने येणाऱ्यांनी परतीची शेवटची गाडी स्टँडवर विचारूनच निघावं.

धबधब्याइतकाच वेळ वाटेतल्या शेतांना द्या. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी इथली वस्ती. खाचरात भात, तर उतारावरच्या वरकस म्हणजे हलक्या जमिनीत नागली (नाचणी), वरई आणि ऑक्टोबरात पिवळीधमक खुरासणी (कारळं). एप्रिल-मेमध्ये आलात तर जळके काळे तुकडे दिसतील. तो राब: शेण, डहाळ्या, पालापाचोळा यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि पेटवतात. तणाचं बी मरतं, राखेत रोपं जोमाने येतात. याला 'जंगल जाळतात' म्हणणारे शहाणे दरवर्षी भेटतात. बांधावरून चाला, पण फोटोसाठी पिकात शिरू नका.

जेवण घरगुती हवं असेल तर धबधब्याकडे उतरण्याआधीच सांगून ठेवा. चुलीवरच्या भाकरीला वेळ लागतो. नागलीचं पीठ कढत पाण्यात भिजवतात, नाहीतर भाकरी थापताना चिरते. जूनमध्ये शेवळाची रानभाजी मिळाली तर त्यात काकडं (आंबट रानफळं) घातलीत का ते विचारा. त्यांच्या आंबटपणाशिवाय घसा खवखवतो.

एक तारा कापला तो पर्यटकांमुळे: बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, कातळावर फोडलेली काच.

नागली विकत घ्यायची तर थेट शेतकऱ्याकडून. खळ्यावरची असल्याने बारीक खडा असतो. दळण्याआधी दोन-तीन पाण्यांतून रोळून, म्हणजे खडे तळाशी बसवून वरचे दाणे काढून, कडकडीत वाळवा.