परळचे मोटरवाले काका: आधी ऐकतात, मग पाना उचलतात

आमच्याकडे पोळी-भाजीचे डबे होतात. पहाटे नळाला पाणी आलं की पिंपं भरायची आणि अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरने पोटमाळ्यावरच्या टाकीत पाणी चढवायचं, हा रोजचा नेम. ती मोटर शिट्टी मारायला लागली. बारीक, कानात घुसणारं कुंईईई. तेही सगळी चाळ झोपलेली असताना! कंपनीच्या माणसाने बटण दाबलं, ऐकल्यासारखं केलं आणि ‘कॉइल गेली, नवीनच घ्या’ म्हणून मोकळा झाला. पाणी तर रोजच्याइतकंच चढत होतं. कॉइल गेलेली मोटर पाणी चढवेल कशी?

मग भोईवाड्याकडच्या या काकांना गाठलं. पाटी नाही, दारात तारांची भेंडोळी, एवढीच खूण. मोटर सोडून आणते म्हटलं तर म्हणाले, “नको ताई, जागेवरच ऐकायची. अर्धे आवाज पाइपातले असतात.” घरी यायचे दोनशे घेतात, काम केलं तर ते बिलातून वजा होतात.

आल्यावर आधी पिंपातला फूट वॉल्व, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, वर काढून जाळी पाहिली. स्वच्छ होती. “पाणी ओढायला कमी पडलं की आत खडे भरल्यासारखा खडखडाट होतो, अशी शिट्टी नाही.” मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगावर आणि मूठ कानाला. आधी पंख्याकडची बाजू, मग पाण्याकडची. शेवटी मला बटण बंद करायला लावलं आणि हाताने ‘गप्प’ अशी खूण केली. करंट जाताच आवाज तुटला असता, तर दोष विजेचा. इथे शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, थांबेपर्यंत शिट्टी खाली खाली उतरत गेली. “बेअरिंग,” काका म्हणाले, आणि तेव्हा कुठे पाना बाहेर आला.

मागचं बेअरिंग बोटावर गुळगुळीत फिरलं. पुढचं, पाण्याकडचं, अडखळत, रवा भरडल्यासारखं, आणि ग्रीस गंजाने तांबडं झालेलं. पाणी अडवणारं सील झिजून पाणी शाफ्टवरून आत झिरपत होतं. नुसतं बेअरिंग बदललं असतं तर तेही असंच सडलं असतं. म्हणून सील आणि दोन्ही बेअरिंगं नवी, ६२०२ नंबरची, रबरी झाकणाची, नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली. खोकी माझ्यासमोर फोडली. जुनी पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या अवजाराने, काढली, हातोडा लावला नाही. सगळे मिळून साडेनऊशे. नवी मोटर तीन हजारांच्या पुढे होती.

आवाज पूर्ण गेला का? नाही. थोडी गुणगुण आहेच. या छोट्या मोटरींचा दातेरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, मिनिटाला २,८०० च्या वर फेरे घेतो, तेवढा आवाज त्यांचा जन्माचा, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. मोटर ठेवलेल्या फळीमुळे तो घुमत होता, म्हणून खाली रबराचे तुकडे सारले. त्यांचे पैसे घेतले नाहीत.

आता खोट. फोन उचलतील तर शपथ. ‘सकाळी येतो’ म्हणजे दुपारी जेवणं झाल्यावर. छापील बिल नाही, सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी. मी वहीच्या पानावर तारीख घालून सही घेतली, तुम्हीही घ्या. आणि रविवारी जाऊ नका, शटर खाली असतं.